पाचवा आणि सहावा तुकडा

"हे तोंडात धरायचं, दाजी. दातानं घट्ट. अजिबात सोडायचं नाही."

दाजींनी माझ्या हातातल्या त्या प्लास्टिकच्या गोलाकडं बघितलं. मधे भोक, दोन्ही बाजूला इलॅस्टिकची पट्टी. नळी दातानं चावली जाऊ नये म्हणून पेशंटच्या तोंडात घालतात ते.

"ह्याला रीड बसवली तर वाजवून दाखवतो की," दाजी म्हणाले.

हिप्परगेकर सर हातमोजे घालत होते. हसले. "काय वाजवता?"

"क्लॅरिनेट, सायब. औशाच्या बँडमधी हाव. ह्या परम्यानं सांगितलं नसंल. दवाखान्यात लागल्यापासून लाजतोय आम्हाला."

"सांगितलंय मी सरांना," मी म्हटलं. "आता बोलू नका. जीभ बधिर झाली का?"

"झाली. सासूरवाडीला गेल्यावानी झालंय. तोंड हाय पन बोलता येईना."

नळी आत जाण्याआधीचं हे त्यांचं शेवटचं वाक्य. मी पट्टी डोक्यामागून बांधली. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, गालाखाली निळा कागद ठेवला. सरांनी स्कोप हातात घेतला.

सहा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात एंडोस्कोपीच्या खोलीत कामाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. लहू कसबे. आमचे वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, आणि दाजींनी मला औशाला नेऊन दोन वर्षं स्वतःच्या घरात ठेवलं. दहावीचा फॉर्म त्यांनीच भरला. एवढं सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं कळेल.

त्यांना तीन महिन्यांपासून त्रास होता. वरचा सूर लावला की बेंबीच्या वर कुणीतरी पीळ घालतंय असं वाटायचं. जेवण निम्म्यावर आलं होतं. अक्कानं ओवा दिला, गरम पाणी दिलं, कुणीतरी सांगितलं म्हणून कोरफडीचा गर पण दिला. शेवटी मीच म्हटलं, इकडं घेऊन ये, सरांना नळी घालून बघायला सांगतो.

मी डॉक्टर नाही. नर्सपण नाही. बारावी नापास आहे. मला घेतलं होतं स्कोप धुवायला. पण त्या खोलीत दिवसाला बारा-पंधरा पेशंट व्हायचे आणि स्क्रीन माझ्या तोंडासमोर असायची. बघून बघून शिकलो. सर रिपोर्ट सांगायचे, मी टाइप करायचो. मग संध्याकाळी जुने फोटो काढून स्वतःचीच परीक्षा घ्यायचो. खालचं नाव हातानं झाकायचं, नुसता फोटो बघायचा, ओळखायचं, हात काढायचा. वर्षभरात चुका कमी झाल्या. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लाल ओरखडे उठलेले असले की जळजळवाला. भिंतीला दह्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. जांभळ्या फुगलेल्या शिरा वळवळत खाली गेलेल्या दिसल्या की माणूस पिणारा, लिव्हर गेलेलं, आणि बाहेर बायको फाईल छातीशी धरून बसलेली. पॉलिप म्हणजे देठावर उभा असलेला मांसाचा फुगा.

आणि अल्सर. अल्सर सगळ्यांना कळतो. तळ पांढरा, भोवती लाली. पण चांगला कुठला आणि वाईट कुठला हे काठावरून कळतं. चांगल्याचा काठ सपाट, साफ. पोटाच्या घड्या सगळ्या बाजूंनी येतात आणि काठापर्यंत नीट पोचतात. वाईटाचा काठ एखाद्या बाजूला उचललेला असतो, भाकरी भाजताना कड उचलते तसा. तिथं घड्या काठाच्या अलीकडंच तुटतात. हे मला सरांनी शिकवलं नव्हतं. ते नुसतं म्हणायचे, "पोटातल्या अल्सरवर विश्वास ठेवायचा नाही. दिसायला कितीही गरीब असू दे. सहा तुकडे घ्यायचेच."

"गिळा," सर म्हणाले. "घोट गिळा. नाकानं श्वास. शाब्बास."

दाजींनी गिळलं. नळी आत गेली. पहिल्यांदा सगळे उमळतात तसे उमळले, मग जरा शांत झाले. अन्ननलिका स्वच्छ. पोटात आलो. थोडा फेस होता, सरांनी पाणी मारून धुतला. वळणापाशी गेले आणि तिथं तो होता. अंगठ्याच्या नखाएवढा. पांढरा तळ.

मी काठ बघितला. वरून सपाट. डाव्या-उजव्या बाजूनं सपाट. खाली...

"खालचा काठ बघितलास?" सर हळू म्हणाले. पेशंट जागा असतो, त्यामुळं तिथं कोणी मोठ्यानं काही बोलत नाही. "जरा उचललाय. शेवटचे दोन तिथले घेऊ. दे."

मी फोर्सेप दिला. लांब तार असते, टोकाला चिमणीच्या चोचीएवढा चिमटा. सर तो नळीतून आत सोडतात, दुसऱ्या टोकाची मूठ माझ्या हातात. सर "ओपन" म्हणाले की मी चोच उघडायची, "क्लोज" म्हणाले की मिटायची. मग तार बाहेर ओढायची, चोचीतला तुकडा सुईनं काढून औषधाच्या बाटलीत टाकायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. सरांची नजर स्क्रीनवर असते. चोचीत तुकडा आला का नाही ते फक्त माझ्यासारख्याला दिसतं. नाही आला तर "रिकामा" म्हणायचं. मग सर परत घेतात. एवढा एकच नियम होता माझ्या कामाचा.

"ओपन. क्लोज."

"एक."

"दोन."

एरवी पेशंटच्या डोक्यापाशी सलोमी सिस्टर उभ्या असतात. पाठीवरून हात फिरवतात, "झालं, झालं" म्हणत राहतात. त्या दिवशी त्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं होतं. मी एकटाच. तिसऱ्या तुकड्याला दाजींना जोरात उमाळा आला. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी, लाळ कागदावर.

"तीन."

चौथ्याला त्यांनी माझा एप्रन धरला. मुठीत. आणि माझ्याकडं बघितलं. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. चार-चार तास वरातीत फुंकणारा माणूस. एका लग्नात त्यांच्या पायाला मोटारसायकलचा सायलेन्सर भाजला होता, तर गाणं संपवून मग खाली बसले होते.

"चार."

"आता खालचा काठ. ओपन." सर टोक तिथं नेत होते. दाजींच्या पोटानं उसळी घेतली, स्क्रीनवर सगळं हललं. "क्लोज. हं. काढ."

मी तार ओढली. चोचीत काहीच नव्हतं. नुसती बुळबुळ.

"आला?" सरांनी विचारलं.

दाजींची मूठ अजून माझ्या एप्रनवर होती. ते मान हलवत होते, नको, नको.

"आला सर. पाच."

सुई बाटलीत बुचकळली मी. सवयीनं.

"शेवटचा. ओपन. क्लोज."

तोपण रिकामा. दाजी ढवळून निघाले होते, नळी जागेवर राहतच नव्हती.

"सहा," मी म्हटलं. "झालं सर. झालं दाजी, झालं."

सरांनी नळी काढली. दाजी उठून बसले, तोंड पुसलं. जीभ बधिर होती म्हणून बोबडे बोलत होते. मला म्हणाले, "तू हुतास म्हणून. दुसरा असता तर लाथ घातली असती."

*

आठव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला. साधी सूज, जंतू आहेत, कॅन्सरच्या पेशी नाहीत. मी वाचून तिथंच स्टुलावर बसलो. मग परत वरनं वाचला. वर एक ओळ असते, नमुना किती मिळाला त्याची. ती ओळ कधीच कोणी वाचत नाही. तिथं लिहिलं होतं: चार तुकडे.

सरांनी शेवटची ओळ वाचली. "गुड. जंतूंच्या गोळ्या चौदा दिवस, ॲसिडची आठ आठवडे. मग परत स्कोप. तुझे दाजी आहेत, तूच लक्ष ठेव."

मी अक्काला फोन केला. ती फोन तसाच धरून आत ओरडली, "आवो, काही न्हाई म्हन! काही न्हाई!" संध्याकाळी मी औशाला गेलो. मटण होतं. शेजारच्या चार घरांत पेढे गेले होते. बँडमधली पोरं येऊन बसली होती. दाजी मला दाखवून सगळ्यांना सांगत होते, "ह्येनं निम्मं पोट बघितलंय माझं. आता ह्याच्यापुढं शान दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई."

"काय काय हाय आत?" ढोलवाल्यानं विचारलं.

"तुझी गेल्या सालची उधारी सापडली का बघितलं, न्हाई सापडली."

सगळे हसले. मीपण हसलो. मला माहीत होतं, अजून वेळ गेलेली नाही. सरांना एवढंच सांगायचं, सर, दोन रिकामे आले होते. सर चिडले असते. कामावरनं काढलं असतं कदाचित. परत नळी घातली असती. दाजींच्या मुठीची आठवण आली आणि मी स्वतःला म्हटलं, आठ आठवड्यांनी तर परत बघायचंच आहे. तेव्हा सर नीट घेतील. चार तर आलेच होते ना. चारातपण सापडलं असतं.

गोळ्या लागू पडल्या. हेच वाईट झालं. दुखायचं थांबलं. दाजी दोन भाकरी खायला लागले. वाईट अल्सरसुद्धा गोळ्यांनी वरवर भरल्यासारखा होतो, दुखणं जातं. हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं. माहीत असणं आणि आपल्या माणसाबद्दल ते खरं मानणं, यात फार अंतर आहे.

आठ आठवडे एप्रिलच्या मध्याला भरत होते. लग्नसराई. मी फोन केला तर अक्का म्हणाली, "अरे, बाविसला मामाच्या सुरेखाचं लगीन हाय. बँड ह्यांचाच. मामानं मला शब्द घातलाय. तेवढं वाजवू दे, मग आनते."

मी म्हणायला पाहिजे होतं, लग्न गेलं खड्ड्यात, उद्या घेऊन ये. मी म्हटलं, "बरं. तेवढं होऊ दे."

त्या लग्नानंतर दुसरं निघालं, मग तिसरं. सीझनमधी बँडवाला घरी सापडत नाही. मीही जोर केला नाही. खरं सांगायचं तर तो काठ परत बघायची मला भीती वाटत होती.

*

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाजी आले ते अक्काच्या खांद्याला धरून. खाल्लेलं उलटून पडत होतं. शर्टची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. गोल तोंडात घालताना मी वाट बघत होतो, आता काहीतरी बोलतील. बोलले नाहीत.

सलोमी सिस्टर होत्या या वेळी. सरांनी नळी आत घातली.

ते ओळखायला वर्षभर फोटो बघायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी कामाला आलेल्या पोरालाही कळलं असतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं उठलेलं, मधे काळं पडलेलं, स्पर्श केला की रक्त. वळणाची वाट जवळजवळ बंद झाली होती.

सरांनी आठ तुकडे घेतले. मी मोजले. आठच्या आठ आले. पहिल्याच दणक्याला एवढे मोठे तुकडे येत होते.

दाजींना बाहेर नेलं. सर संगणकासमोर बसले. "जुनी फाईल दे."

मी दिली. त्यांनी फेब्रुवारीचे फोटो बघितले, मग लॅबचा रिपोर्ट. बोट शेवटच्या ओळीवरनं वर सरकत गेलं. थांबलं.

"परमेश्वर, चार?"

मी उभा होतो.

"आपण सहा घेतले होते. मला पक्कं आठवतंय. खालच्या काठावरचे दोन. लॅबनं हरवले का?"

तेव्हा मी हो म्हणू शकलो असतो. लॅबमधी कधीकधी दोन तुकडे चिकटतात, एक मोजतात. सरांनाही माहीत होतं. त्यांनी जणू मला वाट करून दिली होती.

"शेवटचे दोन रिकामे आले होते, सर."

"तू पाच म्हणालास. सहा म्हणालास."

"हो सर."

"का?"

"त्यांना सहन होत नव्हतं, सर. एप्रन धरला होता त्यांनी माझा."

बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला तरी सर उठले नाहीत. मग म्हणाले, "चारात सापडू शकलं असतं. सहातही सुटू शकलं असतं. ते कुणालाच कळणार नाही आता." उठले. "पण आठ आठवड्यांत मी परत बघणार होतो. तुला सांगितलं होतं."

मला कामावरनं काढलं नाही. मी वाट बघत होतो काढायची. त्यांनी फक्त एक केलं. त्या दिवसापासून प्रत्येक तुकडा बाटलीत टाकण्याआधी सुईच्या टोकावर धरून त्यांना दाखवावा लागतो. अजूनही. नवीन आलेल्या पोराला वाटतं ही दवाखान्याची पद्धत आहे.

*

सोलापूरला ऑपरेशनला नेलं. पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. पसरलं होतं. सलाईनमधून औषधं तीनदा दिली, चौथ्याला दाजींनीच नाही म्हटलं. औशाला घरी आणलं. पडवीत खाट टाकली होती. मी दर रविवारी जायचो.

नोव्हेंबरातला एक रविवार. दुपार. अक्का दळण आणायला गेली होती. दाजींचं तोंड पार बारीक झालं होतं, नाक तेवढं मोठं दिसायचं.

"काय रे," म्हणाले, "तू माझ्याकडं बघंनास. मागच्या दोन रविवारीबी बघितलं न्हाईस. एवढा वाईट दिसायलोय का?"

"तसं नाही."

"मंग काय खुपायलंय ते बोल. माझ्याकडं टाइम कमी हाय, गड्या."

मी सांगितलं. सगळं. एप्रन, पाच, सहा, चार. सांगताना मी खाटेच्या दोरीकडं बघत होतो. संपलं. मला वाटलं त्यांना झोप लागली. वर बघितलं तर डोळे उघडे.

"मी तुला नको म्हनलो हुतो न्हवं तवा?" त्यांनी विचारलं.

"बोलला नव्हता. मान हलवली होती."

"तोंडात त्ये बूच हुतं म्हनून बोलता आलं न्हाई. पन म्हनलो हुतो. तू ऐकलास माझं." दम लागला. थांबले. "ऐकायला नगं हुतंस. पन ऐकलास."

मी रडायला लागलो. त्यांनी हात लांब केला, तो माझ्यापर्यंत पोचला नाही, मग खाटेच्या लाकडावरच ठेवला.

"एक कर. अक्काला सांगू नगस."

"का?"

"मी तर चाललो. तूबी गेलास तर तिला कोन हाय?"

अक्का पिठाचा डबा घेऊन आली. आम्हाला बघून म्हणाली, "दोघं मिळून रडायलाव व्हय? मी काय दगड हाय? मला बोलवायचं की."

डिसेंबरच्या अकरा तारखेला दाजी गेले. बँडमधली सगळी पोरं आली होती. वाजवायचं का नाही यावर त्यांच्यात वाद झाला. शेवटी कोणीच वाजवलं नाही.

*

अक्का शाळेचे युनिफॉर्म शिवते. दाजी गेल्यावर तिनं दुसरं मशीन घेतलं, आणि तिचं ठीक चालतंय असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. मी दर रविवारी जात राहिलो. कोणी आलं की ती माझ्याकडं बोट करायची. "ह्यो हुता म्हनून निभावलं. पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं ह्येनं केलं दाजीचं." मी उठून पाणी प्यायला जायचो.

मग हळूहळू कळायला लागलं. तिनं गोड सोडलं होतं. मटण सोडलं होतं. लग्नाला जाणं बंद. मामाच्या घरी तर अजिबातच नाही. सुरेखा, जिच्या लग्नात दाजींनी वाजवलं होतं, ती बाळंतपणाला माहेरी आली, दोनदा निरोप धाडला, अक्का गेली नाही. सुरेखा पोर काखेला मारून स्वतः आली तर अक्का मशीनवरनं उठली नाही. पोराला हातात घेतलं नाही.

मी एकदा म्हटलं, "अक्का, त्या पोरीनं तुझं काय केलंय?"

"तिनं काय करायचंय?" ती म्हणाली. "मीच केलंय."

तीन वर्षं झाली होती दाजींना जाऊन. जानेवारीतली दुपार. ती बाह्या जोडत होती, मी गुंड्या निवडून देत होतो. मशीन थांबवून तिनं विचारलं, अगदी सरळ, भाव विचारावा तसं.

"परमा, तुला ह्यातलं कळतंय म्हनून इचारते. खरं सांग. सुरेखाचं लगीन सोडून त्येंला आदी आनलं असतं तर वाचले असते का?"

"नाही अक्का. तेव्हासुद्धा उशीर झाला होता."

"रिपोर्ट तर चांगला हुता. म्हंजी तवा न्हवतं. मंग झालं. मधी झालं. त्या वाजवन्यानं झालं. मी धाडलं त्येंला. मामापुढं माझं नाक ऱ्हावं म्हनून धाडलं."

"तसं नसतं ते. वाजवून होत नाही."

"तू माझं मन राखायलास."

"नाही गं."

"राखायलास. सगळेच राखतेत. मी रोज ह्या मशीनवर बसून त्येच मोजते. बाविसच्या आदी किती दिस हुते, बाविसच्या नंतर किती. मला झोप न्हाई, परमा. तीन वर्सं झाली."

तिचे डोळे कोरडे होते. माझ्याकडं सांगायला खोटं काही उरलं नव्हतं. जे होतं ते सगळं सांगून झालं होतं आणि तिनं एकही घेतलं नव्हतं. म्हणून मी खरं सांगितलं. तुझी चूक नाही. रोग फेब्रुवारीतच असेल. रिपोर्ट चांगला आला कारण जिथं तो होता तिथला तुकडा बाटलीत गेलाच नाही. मी घातला नाही. मी खोटा आकडा म्हटला.

तिला पहिल्यांदा कळलं नाही. "रिकामा म्हंजी?"

मी बोटांची चोच करून दाखवली. अशी उघडते, अशी मिटते. कधी पकडते, कधी सुटतं.

"सुटलं तर काय करतेत?"

"परत घेतात."

"किती येळ लागतोय?"

"एकाला... अर्धा मिनिट."

"म्हंजी दोन्हीला एक मिनिट."

"हो."

गल्लीतनं भांडीवाला ओरडत गेला. तो लांब गेल्यावर तिनं विचारलं.

"त्येंला म्हाईत हुतं?"

"मी सांगितलं होतं. शेवटी. ते म्हणाले तुला सांगू नको."

"मंग का सांगितलास?"

"तू स्वतःला..."

"मी माझ्यावर घेऊन बसले हुते की!" ती एकदम ओरडली. मग आवाज खाली आला. "झोप न्हवती, पन जगायले हुते. माझाच राग, माझ्याच वर. कुनाचं काय जात हुतं? आता तो राग कुटं ठिवू? तुझ्यावर ठिवू? मंग रविवारी दाराकडं कुनाची वाट बगू मी?"

मी तिच्या पायाशी बसलो. तिनं पाय मागं घेतले. रागानं नाही, जपून घेतले, गरम भांड्यापासून घेतात तसे. मग बाही परत सुईखाली धरली आणि मशीन चालू केलं. मी तिथं तासभर बसलो असेन. तिनं सात बाह्या जोडल्या. उठताना म्हटलं, "येतो अक्का." तिनं मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर दाराला कुलूप होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. शेजारीण म्हणाली, तू यायच्या आधी आर्ध्या तासानं भाईर पडती, तू गेल्यावर येती. मग मी जायचं थांबवलं. फोन लावतो. पूर्ण रिंग जाते. ती कट करत नाही. उचलतही नाही.

मागच्या महिन्यात बसस्टँडवर सुरेखा भेटली. तिच्या दुसऱ्या पोराचं बारसं झालं होतं. मला म्हणाली, "अक्का आली हुती की रे! सकाळीच आली. पाळना तिनंच बांधला, गानं म्हनली. बुंदी खाल्ली. मी म्हनलं, अक्का, गोड? तर म्हनली, वाढ अजून."

मला फार बरं वाटलं. मग विचारलं, "माझं काही विचारली का?"

सुरेखानं कडेवरचं पोर या बाजूचं त्या बाजूला घेतलं.

"माय म्हनली हुती, परम्याला बोलवायचं ऱ्हायलंच. तर अक्का उठून मागल्या दारी गेली. भांडी घासत बसली. सगळी घासली एकटीनं."